कार्यालयातून एकीने जावे

टाचणीबाईंना उभ्या आयुष्यात एकदाच परदेशी जायचं होतं, आणि तेही जगात शांतता नांदावी म्हणून नव्हे. त्यांना तिथल्या सभागृहात एका ठरावीक बाईच्या शेजारच्या खुर्चीत तीन दिवस बसायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं. जगाच्या शांततेचं काम त्या बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून करतच होत्या, आणि त्यासाठी विमानाची गरज त्यांना कधी भासली नव्हती.

या दोन खोल्या म्हणजे महिलांच्या एका आंतरराष्ट्रीय शांती संघटनेची इथली शाखा. टाचणीबाई तिथल्या मानद कार्यालयीन सचिव. मानद म्हणजे बिनपगारी. या पदात मान असतो म्हणतात, पण तो कुठल्या कपाटात ठेवलाय ते त्यांना बावीस वर्षांत सापडलं नव्हतं, आणि कपाटं तर त्यांनीच लावलेली. तीन कपाटांत जगातली सगळी युद्धं अकारविल्हे होती. मोठ्या युद्धाला दोन फायली, छोट्याला एक, आणि जी युद्धं सुरू आहेत की संपली ते कुणालाच सांगता येत नव्हतं ती सगळी खालच्या कप्प्यात एका गठ्ठ्यात. निषेधपत्राचा मसुदा एकच. देशांच्या नावांच्या जागा तेवढ्या कोऱ्या. बातमी आली की बाई कोऱ्या जागा भरायच्या, पत्राला टाचणी लावायच्या आणि संध्याकाळच्या टपालाच्या आत पेटीत टाकायच्या. त्यांच्या पत्राने एकही युद्ध थांबलं नव्हतं. पण एकही पत्र उशिरा गेलं नव्हतं, आणि या दोहोंपैकी एकच गोष्ट त्यांच्या हातात होती.

खांद्यापाशी कायम दोन टाचण्या खोचलेल्या असत म्हणून नाव पडलं टाचणीबाई. खरं नावही होतं, चांगलं तीन पदरी. पण ते कुणी घेत नव्हतं, आणि या गोष्टीत सगळं घोडं तिथेच अडलं.

आता ती शेजारची बाई. पलीकडच्या एका देशात, मधे दोन समुद्र टाकून, याच संघटनेची एक शाखा होती आणि तिथेही कार्यालयात एक बाईच होत्या. महिन्याला एक पत्र इकडून जायचं, एक तिकडून यायचं, दोघींनाही धड न येणाऱ्या तिसऱ्या भाषेत. पत्र टंकलेलं, सरळसोट, "आपले दिनांक अमुकचे पत्र मिळाले" छापाचं. फक्त अगदी खाली कोपऱ्यात पेन्सिलीने एक ओळ असायची. पेन्सिलीने अशासाठी, की वाचून झाली की खोडता यावी आणि पत्र स्वच्छ होऊन दफ्तरात लागावं. पहिली ओळ तिकडूनच आली होती: "तुमच्याकडेही पावसात कपाटाचं दार फुगतं का?" बाईंनी उलट टपाली लिहिलं, "फुगतं. कडेला मेणबत्ती घासावी." तेव्हापासून बावीस वर्षं. गुडघे, मोतीबिंदू, तिकडच्या बाईंच्या बहिणीचं दुखणं, इकडच्या बाईंच्या मुलाचं लांब बदलून जाणं. प्रत्येक ओळ बाईंनी दोनदा वाचली आणि खोडून टाकली. नियम म्हणजे नियम.

या वर्षीची ओळ मात्र त्यांनी खोडली नाही. "परिषदेनंतर मी काम सोडते. गुडघे संपले. या वेळी तुम्ही आलात तर शेजारी शेजारी बसू. मी तुमची जागा धरून ठेवीन."

परिषद दर चार वर्षांनी भरे आणि प्रत्येक शाखेने दोघींना पाठवायचं असे. एक अध्यक्षबाई. त्या जाणारच, त्यांचं तर विमानतळावर सुद्धा भाषण होत असे. दुसऱ्या जागेसाठी दरवेळी ओढाताण व्हायची, ती शांततेच्याच मार्गाने, म्हणजे दोन दोन वर्षं अबोला धरून. पण यंदा खजिनदारबाईंची कंबर धरली होती आणि बाकीच्यांना तारखा सोयीच्या नव्हत्या. तेव्हा अध्यक्षबाई सभेत म्हणाल्या, "टाचणीबाई, तुम्हीच का येत नाही? नाहीतरी तिथे आपले कागद सांभाळायला कुणीतरी लागेलच."

कागद सांभाळायला तर कागद सांभाळायला. बाईंना त्या दिवशी वाक्याचा पुढचा अर्धा भाग ऐकूच आला नाही. सभा संपल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे इतिवृत्ताची वही उघडली आणि नेहमीच्याच रेखीव अक्षरात लिहिलं, "परिषदेस दुसरी प्रतिनिधी म्हणून कार्यालयातून एकीने जावे असे ठरले."

हे असं का लिहिलं, ते सांगायला हवं. बाई कामाला लागल्या तेव्हा थोरल्या अध्यक्षबाई हयात होत्या. जुन्या वळणाच्या, कडक, चुकीच्या जागी स्वल्पविराम पडला तरी त्यांना रात्री झोप लागत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "सभासदांची नावं हजेरीत लिहा, पाहुण्यांची आभारात लिहा. कार्यालयाचं नाव कुठेही नको. खुंटी कधी दिसू नये, तिला टांगलेला अंगरखा दिसावा." बाईंना हे इतकं पटलं की त्यांनी त्याची कलाच करून टाकली. त्या रात्रभर जागून ठरावाच्या तीनशे प्रती काढत आणि लिहीत, "प्रती काढण्यात आल्या." पाहुण्यांचं हरवलेलं सामान हुडकायला दिवसभर उन्हात फिरत आणि लिहीत, "सामान मिळाले." जणू सामान स्वतःच चालत आलं. या लिखाणाचा त्यांना अभिमान होता. मुख्य कचेरीने एकदा कळवलंही होतं, की सर्व शाखांत तुमच्या शाखेचं इतिवृत्त आदर्श आहे. तुमच्या शाखेचं. तेही त्यांना तेव्हा बरोबरच वाटलं होतं.

प्रवास परवाना कचेरीत तीन नंबरच्या खिडकीत एक साहेब बसत. चेहरा असा, की त्यांना आयुष्यात कुणी हवा तो कागद वेळेवर आणून दिलेला नसावा. बाईंनी अर्जाला इतिवृत्ताची प्रत टाचून आत सरकवली.

साहेबांनी वाचलं. "'कार्यालयातून एकीने जावे.' एकीने म्हणजे कोणी?"

"मी."

"तसं कुठे लिहिलंय?"

"कार्यालयात मी एकटीच आहे."

"तेही कुठे लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नव्हतं याला जबाबदार त्याच होत्या.

"उद्या दुसरी कुणी बाई आली आणि म्हणाली की एकी म्हणजे मीच, तर मी काय करू?" साहेबांनी विचारलं.

"दुसरी कुणी येत नाही हो. बावीस वर्षांत कुणी आलं नाही," बाई म्हणाल्या. हे त्या परवान्याबद्दलच बोलत होत्या, पण बोलून झाल्यावर त्यांनाच कसंसं झालं. साहेबांना काही झालं नाही. त्यांनी अर्ज परत सरकवला आणि अध्यक्षांच्या सहीचं नावानिशीवार पत्र आणायला सांगितलं.

घरी आल्यावर बाईंनी हे मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, गणिताचे निवृत्त शिक्षक, कुठल्याही संकटात "आधी दिलेलं काय आहे ते लिहून घे" म्हणणारे. ते बोलेपर्यंत वरच्या मजल्यावरचे तपासनीस काका खाली आले. काकांनी तीस वर्षं दुकानदारांची वजनं मापं तपासली होती, आणि आता लोकांच्या अडचणी तपासत. दुसऱ्याच्या घरातली अडचण त्यांना जिन्यातूनच वास येऊन कळे.

"मी तुम्हाला सांगतो, बाई," काका खुर्चीत बसत म्हणाले. "कागदाला कागद ओळखतो. माणसाला ओळखायची त्याला सवय नसते. तुम्ही उगाच स्वतः गेलात. नुसता कागद पाठवायला हवा होता."

"काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे," मास्तर म्हणाले. ते हे सगळ्यांनाच म्हणत.

कार्यालयाखालचे चष्मेवाले आणखी पुढचे निघाले. परवाना कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या पत्नीचा चष्मा त्यांनी बनवला होता. "नुसतं माझं नाव सांगा," ते म्हणाले, "उभ्या उभ्या काम." बाईंना वशिल्याची सवय नव्हती, पण अडला हरी म्हणून त्या मोठ्या साहेबांच्या दारापर्यंत गेल्या आणि चष्मेवाल्यांचं नाव सांगितलं. मोठ्या साहेबांनी डोळे बारीक करून विचारलं, "तो? त्याचा चष्मा लावल्यापासून तिचं डोकं दुखायचं थांबलेलं नाही. त्याला सांगा, मी त्याची वाट बघतोय." आणि बाईंना परत तीन नंबरच्या खिडकीकडे धाडलं.

राहिलं ते अध्यक्षबाईंच्या सहीचं पत्र. आता इथे एक आतली गोष्ट आहे. अध्यक्षबाई गेली नऊ वर्षं अध्यक्ष होत्या आणि या नऊ वर्षांत संघटनेच्या एकाही कागदावर त्यांनी स्वतः सही केली नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "टाचणीबाई, तुमचा हात छान आहे. तुम्हीच करत जा माझी सही." तेव्हापासून ठराव, निषेध, आभार, दुखवटे, सगळ्यांखाली बाईच अध्यक्षबाईंची सही करत. परवाना कचेरीत नमुना म्हणून दिलेली सहीसुद्धा त्यांच्याच हातची. अध्यक्षबाईंचा यंदाचा स्वतःचा अर्जही टाचणीबाईंनीच भरून, खाली अध्यक्षबाईंची सही ठोकून, आठवड्यापूर्वी दिला होता. पण हे पत्र पडलं स्वतःबद्दलचं. स्वतःच्या शिफारशीवर स्वतःच दुसऱ्याची सही करणं बाईंना प्रशस्त वाटेना. बावीस वर्षांत एकदाही न केलेला हट्ट त्यांनी केला.

"या एका पत्रावर तुम्ही स्वतः सही करा."

"कशाला? करून टाका ना."

"नाही, तुम्हीच करा."

अध्यक्षबाईंनी सही केली. वळणदार, ऐसपैस, खाली दोन रेघा मारून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. खिडकीतल्या साहेबांनी पत्र उजेडाकडे धरलं, नमुना काढला, भिंग काढलं आणि म्हणाले, "ही सही बनावट आहे."

"अहो, माझ्यासमोर केलीय त्यांनी."

"म्हणजे तुम्ही साक्षीदार," साहेबांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंना जातीने यावं लागलं. गाडीतून उतरतानाच त्यांचा चेहरा असा होता, की एखाद्या देशाने त्याच क्षणी शस्त्रं खाली ठेवली असती. खिडकीपाशी त्यांच्याकडून तीनदा सही करून घेतली. तिन्ही सह्या नमुन्याशी जुळेनात, आणि रागारागाने ठोकल्यामुळे एकमेकींशीही जुळेनात. साहेबांनी टेबलावर डावीकडे त्यांचा अर्ज ठेवला, उजवीकडे बाईंचं पत्र ठेवलं.

"दोन्ही सह्या एका माणसाच्या नाहीत," ते म्हणाले. "एकतर हा तुमचा अर्ज खरा, नाहीतर हे पत्र खरं. दोन्ही खरी मला चालणार नाहीत. कुठलं खरं ते सांगा."

टाचणीबाईंनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. स्वतः बोलायला टाचणीबाईंना जागाच नव्हती; खरं सांगावं तर नऊ वर्षांच्या खोट्या सह्या बाहेर येणार, आणि त्या सगळ्या त्यांच्याच हातच्या. अध्यक्षबाईंनी फार विचार केला असं नाही. "अर्थात अर्ज खरा," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने टाचणीबाईंच्या हातची सही अस्सल ठरली आणि अध्यक्षबाईंची स्वतःची सही खोटी ठरून पत्रासकट फाडली गेली. बाहेर आल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळे आज मला माझी सही येत नाही असं ऐकावं लागलं. करून टाकली असतीत तर एवढं रामायण झालं असतं का?" आणि गाडीत बसल्या. गाडीत जागा होती. बाई बसने घरी गेल्या.

साहेब मात्र वाटले तितके दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर एकदाच नाही म्हणाले असते. त्यांनी बाईंना आणखी एक वाट दाखवली: संघटनेच्या नोंदणीकृत इतिवृत्तात गेल्या कुठल्याही वर्षी तुमचं नाव कार्यालयाचं काम करताना आलेलं दाखवा, एक ओळ पुरे. "बावीस वर्षं काम केलंत म्हणता," ते म्हणाले, "मग एक ओळ तर असेलच."

इतिवृत्ताच्या बावीस वह्या. बाई आणि मास्तर कार्यालयात जाऊन बसले. एकीने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. मास्तरांनी पहिल्या दिवशी उत्साहाने कागदावर दोन रकाने आखले होते, "नाव आहे" आणि "नाव नाही".

पहिल्या वहीत खुर्च्या दुरुस्त करणारा सुतार नावानिशी निघाला. चौथ्यात चष्मेवाले निघाले, जिन्यात दिवा लावल्याबद्दल आभार. सहाव्यात एक मांजर निघालं. ते सभेत शिरून ठरावाच्या प्रतीवर बसलं होतं आणि पाहुण्यांनी त्याचं नाव ठेवल्यामुळे ते नावही बाईंनी नोंदवलं होतं. अकराव्यात अध्यक्षबाईंची भाची निघाली, तेव्हा नऊ वर्षांची. तिने सभेच्या सुरुवातीला शांतीगीत म्हटलं होतं आणि मधेच विसरली होती. विसरल्याचं बाईंनी गाळलं होतं. नाव मात्र आडनावासकट, घोटीव अक्षरात.

"तुझं अक्षर फार सुंदर आहे गं," मास्तर म्हणाले.

"पुढची वही घ्या," बाई म्हणाल्या.

मास्तरांनाच मग सुचलं. "त्या पलीकडच्या बाईंची पत्रं आहेत ना? त्यात तुझं नाव असेल." बाई उठल्या आणि तिसऱ्या कपाटातून गठ्ठा काढून आणला. अडीचशेवर पत्रं. वर सगळीकडे "कार्यालयास सादर". खाली कोपऱ्यात फिकट, खरबरीत पांढरा डाग. एका कागदावर एक डाग, असे अडीचशेवर डाग. या वर्षीच्या पत्रावर तेवढी ओळ शाबूत, पण तिच्यातही नाव नाही, नुसतं "तुम्ही". काय काय लिहिलं होतं ते बाईंना बरंचसं आठवत होतं, पण आठवणीची प्रत साक्षांकित होत नाही. त्यांनी गठ्ठा बांधला आणि जागच्या जागी ठेवला. कपाटाचं दार जराही न अडकता लागलं.

चौदाव्या वहीत एका पानावर अक्षर बदललेलं दिसलं. गिचमीड, खजिनदारबाईंचं. बाई थबकल्या. तो दिवस त्यांना पाठ होता. त्या दिवशी त्यांची आई गेली होती. बावीस वर्षांत चुकलेली ती एकच सभा. त्यांनी पान मास्तरांपुढे केलं, आणि मास्तरांनी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं: "कार्यालयातील बाई गैरहजर असल्याने चहा उशिरा झाला, व पंख्याचे बटण कोणास सापडले नाही."

पुढे काही नव्हतं. का गैरहजर, ते नव्हतं. मास्तरांनी रकाने आखलेला कागद घडी करून खिशात घातला.

"नेऊन तर बघू," बाई म्हणाल्या.

साहेबांनी ओळ लक्ष देऊन वाचली. एकदा नाही, दोनदा. "यात नाव नाही," ते म्हणाले. "आणि असतं तरी, बाई, यातून तुम्ही गैरहजर होता एवढंच सिद्ध होतं." मग जरा थांबून, अगदी खाजगी आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही खरंच तिथे काम करता?"

बाईंना राग यायला हवा होता. आला नाही, हेच वाईट. बसस्टॉपवर उभ्या असताना त्यांच्या मनात येऊन गेलं, की माणूस रीतसर विचारतोय, तर आपणही एकदा तपासून बघायला हवं.

परिषदेला अठरा दिवस उरले होते. बाईंनी शेवटचा प्रयत्न म्हणून अध्यक्षबाईंना सुचवलं, की इतिवृत्तातली ती ओळ दुरुस्त करून नाव घालता येईल. अध्यक्षबाईंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्याही, "मला फार वाईट वाटतंय." पण इतिवृत्तात दुरुस्ती करायची तर सभासदांना एकवीस दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. "नियम तुम्हीच टंकलाय, टाचणीबाई. आता मी तो मोडला तर लोक काय म्हणतील?" शिवाय जागा फुकट जाऊ देणं संघटनेच्या हिताचं नव्हतं. अध्यक्षबाईंची भाची मोकळीच होती, आणि मुख्य म्हणजे अकराव्या वहीत तिचा संघटनेशी जुना संबंध दिसत होता. फक्त त्या पानाची साक्षांकित प्रत तेवढी हवी होती.

प्रत टाचणीबाईंनीच काढली. खाली नेहमीचा शिक्का, "कार्यालयाकरिता", आणि नेहमीची सही, म्हणजे नाव नसलेलं नुसतं एक वळण. तीन नंबरच्या खिडकीत त्या स्वतःच ती घेऊन गेल्या, कारण कागद पोचवायचं काम कार्यालयाचं. साहेबांनी वळणाकडे पाहिलं आणि लगेच मान डोलावली. "ही सही आम्ही चांगली ओळखतो," ते म्हणाले. "कार्यालयाची आहे." भाचीचा परवाना दोन दिवसांत झाला. एकी म्हणजे कोण, हे या वेळी त्यांनी विचारलंच नाही.

तपासनीस काका म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? कागदाला कागद ओळखतो." मास्तर या वेळी तथ्य आहे म्हणाले नाहीत. ते उठून आत गेले, आणि काकांना बऱ्याच वर्षांत प्रथमच लवकर घरी जावंसं वाटलं.

पलीकडच्या बाईंना कळवायला हवं होतं. टपाल पोचायला तीन आठवडे लागत, तेव्हा बाईंनी चिठ्ठीच लिहिली. "मला येता येत नाही. कागद कमी पडले. जागा धरू नका, गुडघ्यांना त्रास होईल." प्रथमच शाईने लिहिली, पाकिटात घातली, पाकिटाला टाचणी लावली आणि भाचीच्या हातात दिली. "दुसऱ्या रांगेत बसतात. काठी असते त्यांच्याजवळ. पहिल्याच दिवशी द्यायची."

"देते, मावशी. त्यात काय," भाची म्हणाली. मुलगी गोड होती. तिच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही, हीसुद्धा एक अडचणच.

परिषद झाली. जगात शांतता नांदावी असं तिथे ठरलं. मंडळी परत आली आणि चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत सभा भरली, परिषदेचा वृत्तान्त ऐकायला. सगळ्या आल्या, खजिनदारबाईसुद्धा कंबर सांभाळत. टाचणीबाई कोपऱ्यात वही उघडून बसल्या. अध्यक्षबाईंनी आपलं भाषण पुन्हा करून दाखवलं. मग भाचीची पाळी आली.

"सभागृह मस्त होतं," ती म्हणाली. "फक्त माझी जागा नेमकी गार वाऱ्याच्या झोताखाली. तीन दिवस कुडकुडले. पुढे दुसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, पण शेजारची एक म्हातारी तिच्यावर पिशवी ठेवून बसलेली. काठीवाली. मी विचारलं, तर म्हणाली, इथे कुणीतरी येणार आहे. तीन दिवस, मावशी. रोज सकाळी लवकर येऊन पिशवी ठेवायची. शेवटच्या दिवशी सगळे उठले तरी बसूनच. मला तर कमालच वाटली, एवढी चांगली जागा अडवून ठेवायची आणि येत कुणीच नाही." बोलता बोलता तिने पर्समधे रुमालासाठी हात घातला, आणि रुमालाबरोबर एक पाकीट बाहेर आलं. टाचणी लावलेलं, न उघडलेलं. "अरे देवा, मावशी. हे राहिलंच बघा माझ्याकडे."

टाचणीबाईंनी पाकीट घेतलं. टाचणी काढून खांद्यापाशी खोचली. टाचणी फुकट घालवायची नाही, ही सवय.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. "चला, ठराव उरकून घेऊ. टाचणीबाई, चहाचं बघताय ना? घसा कोरडा पडलाय सगळ्यांचा."

टाचणीबाई उठल्या नाहीत. त्या लिहीत होत्या. सगळ्यांना वाटलं, ओळ पुरी करून उठतील. ओळ पुरी झाली, दुसरी सुरू झाली. "टाचणीबाई," अध्यक्षबाई पुन्हा म्हणाल्या. खजिनदारबाईंनी चहाचं भांडं कुठे असतं ते इकडेतिकडे पाहिलं आणि परत बसल्या.

वहीत हजेरीखाली बाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. सबंध, तिन्ही पदरी, आडनावासकट, बावीस वर्षांत प्रथमच. इतकं लांब की एका ओळीत मावेना. मग शेवटी, सभेचं कामकाज संपल्याची नोंद असते त्या जागी, शाईने, त्याच आदर्श अक्षरात लिहिलं:

"कार्यालयातील बाई हजर होत्या. चहा झाला नाही."